पावणेबत्तीस मीटर

४९

सुई नेहमी उजव्या टोकापासून सोडायची, असा बाबांचा नियम होता. एकोणपन्नासवर कुणीतरी रडक्या आवाजात गायचं, ते ओलांडायचं. एक्केचाळीसवर दोन स्टेशनं एकमेकांच्या अंगावर बोलायची, त्यांच्या भांडणात पडायचं नाही. मग एकतीस. तिथे हात हलका करायचा, रेशमाला टाचणी लावताना करतात तसा.

मीही तसंच सांगते. उजवीकडून.

बाबा शिंपी होते. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. रेडिओ दुकानात असायचा, कागदी पॅटर्नच्या गुंडाळ्यांशेजारी, लाकडी आणि जड. त्याच्या काचेवर फक्त मीटर छापलेले होते. सोळा, एकोणीस, पंचवीस, एकतीस, एक्केचाळीस, एकोणपन्नास. किलोहर्ट्झचं नाव नाही. आणि तोवर जगातली सगळी स्टेशनं किलोहर्ट्झमध्येच बोलायला लागली होती. म्हणून आमच्या घरात वर्षातून दोनदा भागाकार व्हायचा. एक हिवाळ्याचा, एक उन्हाळ्याचा.

दोनदा का, तर लांबची स्टेशनं ऋतूप्रमाणे जागा बदलतात, आणि गेल्या वर्षीचीच जागा पुन्हा मिळेल असं नाही. लाट वर जाते, आकाशाला आपटते, खाली येते. बाबा म्हणायचे, "आकाशाचं अस्तर बदलतं गं. हिवाळ्याचं वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं. लाटेला ते अंगाला बसावं लागतं."

भागाकार का, तर त्या एका लांबच्या स्टेशनवरून माझी आत्या आपल्या भाषेत बातम्या वाचायची. रोज संध्याकाळी, पंधरा मिनिटं.

आणि बाबा तिच्याशी बोलत नव्हते.

४१

(दोघं एकमेकांच्या अंगावर बोलतात.)

"तीन लाख कशाचे?" मी विचारलं होतं. तेव्हा मी नुकतीच काज-बटणं करायला दुकानात बसायला लागले होते.

"किलोमीटरचे. लाट एका सेकंदात तेवढी जाते."

"कुणी मोजलं?"

"तुझ्या आजोबांनी नाही, एवढं नक्की. ते टेप कायम हरवायचे. ऐक. समज, एका सेकंदात तीन लाख किलोमीटरचं ठाण उलगडलं. त्याला घड्या घालायच्या. किती? ते सांगतात तितक्या. अकरा हजार सातशे पन्नास किलोहर्ट्झ. म्हणजे एक कोटी साडेसतरा लाख घड्या. आता एक घडी केवढी?"

"तीन लाख किलोमीटर भागिले एक कोटी..."

"शून्यं कशाला मांडत बसतेस? किलो वर आहे, किलो खाली आहे. किलो किलोनं कापला. उरले मीटर."

त्यांनी कटिंगच्या टेबलावर खडूनं मांडलं:

३००००० ÷ ११७५० = २५.५३

"पंचवीस पूर्णांक त्रेपन्न. साडेपंचवीसला जरा सैल. लाव सुई."

मी सुई लावली. तिथे नुसती खरखर.

"आता उजवीकडे. अजून. अजून एक केसभर."

आणि खरखरीतून आत्या वर आली, विहिरीतून बादली येते तशी, हिंदकळत. ऋतू बदलायच्या आधी आठवडाभर आणि बदलल्यावर आठवडाभर ती जागा सांगायची, तशी तिनं सांगितली. "अकरा हजार सातशे पन्नास किलोहर्ट्झ, म्हणजेच पंचवीस पूर्णांक नऊ मीटर."

बाबांनी टेबलावरच्या आकड्याकडे बघितलं, मग रेडिओकडे.

"पंचवीस पूर्णांक नऊ म्हणे. शाळेत हिला गणितात पैकीच्या पैकी. हा भागाकार मला हिनंच शिकवला. आणि तिकडे जाऊन विसरली."

ते खूश दिसत होते. दर सहा महिन्यांनी एकदा त्यांना ही खुशी मिळायची.

४१, अजून थोडं डावीकडे

भांडण झालं नव्हतं, हीच अडचण होती. आत्याला ती नोकरी मिळाली, बाबांना ती जायला नको होती, आणि दोघांपैकी कुणीही आवाज चढवला नाही. बाबांनी तिच्यासाठी थंडीचा कोट शिवला. जायच्या दिवशी त्याला इस्त्री केली, घडी करून हातात दिला आणि म्हणाले, "तिकडून पत्रं पाठवू नकोस. मी उघडणार नाही."

आत्या म्हणाली, "बरं."

झालं एवढंच. आई पुढे अनेकदा म्हणायची, "कचाकचा भांडले असते तर चार दिवसांत मिटलं असतं. हे दोघं शब्दाचे पक्के निघाले. एक पत्र मागत नाही, दुसरी पाठवत नाही. दोघांची मुंडकी एकमेकांवर आपटायला हवीत, पण मध्ये समुद्र आहे."

आणि त्याआधी, कोटाच्याही आधी, रेडिओचा दोरा तुटला होता. बटण फिरवलं की आत एक दोरी फिरते आणि सुईला ओढते. ती तुटली. बाबांनी बटणं लावायचा जाड दोरा घेतला, मेणातून ओढला. आत हात आत्यानं घातला, कारण तिची बोटं बारीक. गाठ मारताना सुई जराशी उजवीकडे सरकली. एकतीसपाशी जवळजवळ अर्धा मीटर. पुन्हा सगळं उघडायचा दोघांनाही कंटाळा आला.

हे मला आईनं सांगितलं. मी तेव्हा पाळण्यात होते.

तर आमच्या घरची रीत अशी पडली: गणितानं जायचं आणि मग उजवीकडे सरकायचं. सरकून सुई कुठे थांबली, ते कुणी वाचलं नाही. आवाज लागला की सुईकडे कोण बघतं?

३१.७५

बरीच वर्षं गेली. मी स्वतः कटिंग करायला लागले. बाबांना चष्मा लागला, मग दुसरा चष्मा लागला, मग पहिला शोधायला दुसरा लागायला लागला.

त्या उन्हाळ्याच्या अखेरीला दोरा तुटला. बटण फिरवलं तर गरगर फिरलं, सुई जागची हलली नाही. बाबांच्या बोटांना आता आत जायचं जमणार नव्हतं, माझ्या बोटांना धाडस नव्हतं. मी रेडिओ उचलून खरखरकडे नेला.

खरखर म्हणजे चौकातला रेडिओ दुरुस्त करणारा. घसा कायमचा बसलेला, म्हणून हे नाव. त्याची बायकोही त्याला त्याच नावानं हाक मारायची. त्यानं मागचा पुठ्ठा काढून आत डोकावलं.

"हे काय आहे?"

"दोरा."

"तो दिसतोय. शर्टाचा की कोटाचा?"

आठवडाभर त्यानं रेडिओ ठेवून घेतला. त्या आठवड्यात बाबांनी संध्याकाळच्या पंधरा मिनिटांत काय काय केलं ते सांगते: खडूचे तुकडे डब्यात आकाराप्रमाणे लावले, मशीनला तेल घातलं, पुन्हा घातलं, आणि एका गिऱ्हाइकाला बसवून त्याच्या खांद्यांविषयी बोलत राहिले. आणि त्याच आठवड्यात, आमच्याकडे रेडिओ नसताना, आत्या रोज हिवाळ्याची नवी जागा सांगत होती.

शेवटच्या संध्याकाळी खरखर स्वतः रेडिओ घेऊन आला. गाठोडं सोडवत म्हणाला, "मास्तर, नवी दोरी घातलीय. सुईही पळत होती, जागेवर आणली. आता आकडा म्हणजे आकडा."

बाबांनी उन्हाळ्याच्या जागेचा भागाकार केला, सुई लावली, आणि आत्या थेट तिथेच होती. उजवीकडे सरकायची गरज नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"वा," बाबा म्हणाले.

पण हवा खराब होती. बातम्या तुकड्यांत आल्या. कुठेतरी पूल, कुठेतरी मंत्री. शेवटी:

"उद्यापासून आपण आम्हाला ऐकू शकाल... हजार... (इथे शिट्टी) ...किलोहर्ट्झवर, म्हणजेच एकतीस पूर्णांक पंचाहत्तर मीटर. नमस्कार."

"किती हजार?" बाबा म्हणाले.

मला ऐकू आलं नव्हतं. आईला तर दुसऱ्या खोलीतून काहीच आलं नव्हतं.

"मीटर आलेत ना," मी म्हटलं. "पावणेबत्तीस. तेवढं पुरे."

दुसऱ्या संध्याकाळी सुई पावणेबत्तीसवर ठेवली. दुरुस्त सुई, छापलेला आकडा. तिथे एक बाप्या भलत्याच भाषेत एकसुरी काहीतरी वाचत होता, वाण्याची यादी वाचावी तसं. थोडं उजवीकडे. पियानो. अजून उजवीकडे, जुन्या सवयीनं. काही नाही. पंधरा मिनिटं संपली.

तिसऱ्या संध्याकाळी बाबांनी उलटा भागाकार केला.

३००००० ÷ ३१.७५ = ९४४८.८...

"जात नाही," ते म्हणाले. "भाग जात नाही. स्टेशनं नेहमी गोल आकड्यावर बसतात."

"थोडं इकडेतिकडे असेल, बाबा."

"इकडेतिकडे म्हणजे किती? हिचे मीटर नेहमीच चुकीचे असतात. पण किती चुकतात ते मी कधी बघितलं का? मी आपला हसत बसलो." त्यांनी खडू ठेवला. "त्या पट्ट्यात माणसं दाटीवाटीनं बसलीत. त्यात पंधरा मिनिटांत कुणाकुणाला हलवून बघणार?"

तरी बघितलं. रोज थोडं उजवीकडे, कारण आमच्या घरात हरवलेलं नेहमी उजवीकडे सापडायचं. एकदा बाईचा आवाज लागला आणि बाबा खुर्चीवरून अर्धे उठले. ती दुसरीच होती, दुसऱ्याच भाषेत.

मग ते रेडिओ लावेनासे झाले. संध्याकाळ झाली की मशीन जोरात चालवायचे. त्याच दिवसांत त्यांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. आयुष्यात पहिल्यांदा. मी दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. बाबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "रिटायर झाली असेल."

"मग दुसरं कुणी वाचत असेल. स्टेशन तर हवं ना."

"किंवा तिला काही झालं असेल." त्यांनी एक बाही उलटी करून पाहिली, जणू तिला उजवी व्हायची अजून संधी होती. "झालं असलं तर कोण कळवणार? मीच बंद केलंय कळवणं."

३१.२५

खरखर पँट आखूड करून घ्यायला आला. स्टुलावर उभा होता, बाबा गुडघ्यावर बसून टाचण्या लावत होते, आई चहा घेऊन आली.

"रेडिओ कसा चाललाय, मास्तर?"

बाबांच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी म्हटलं, "रेडिओ ठीक आहे. आत्या सापडत नाही."

"माझ्यावर ढकलू नका. सुई बरोब्बर केलीय. आधी एकतीसपाशी पुरता अर्धा मीटर उजवीकडे पळत होती. कसे ऐकत होता देव जाणे."

"अर्धा?" आई म्हणाली. तिनं कप टेबलावर ठेवला. "आणि आमची नणंद किती चुकते?"

"कोण नणंद?" खरखर म्हणाला.

आईनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती बाबांच्या टकलाकडे बघून बोलत होती. "अहो, तिला कुठे माहीत आहे तुम्ही रेडिओ दुरुस्त केलात ते? गाठ तिनंच मारलीय. तिच्या लेखी आत अजून दोराच आहे. ती तुम्हाला गणितातला आकडा सांगत नसेल. आपल्या काचेवरचा सांगत असेल."

बाबांनी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या. उठायला टेबलाचा आधार घेतला. खडू उचलला.

३१.७५ − ०.५ = ३१.२५

३००००० ÷ ३१.२५ = ९६००

खाली काही उरलं नाही. बाबांनी पुन्हा केला. पुन्हा काही उरलं नाही.

"नऊ हजार सहाशे," ते म्हणाले. "निःशेष."

"मी उतरू का?" खरखर स्टुलावरून म्हणाला.

"थांबा तिथेच."

संध्याकाळ व्हायला थोडा वेळ होता. तेवढा वेळ तो एक पाय आखूड आणि एक पाय लांब अशा पँटमध्ये बसून राहिला, कारण आता त्यालाही बघायचं होतं. बाबांनी सुई उजव्या टोकापासून आणली नाही. सरळ सव्वाएकतीसवर ठेवली.

आत्या हवामान सांगत होती. कुठल्या तरी देशात ढगाळ, कुठल्या तरी देशात स्वच्छ. तिला सर्दी झाली होती.

बाबा उभेच होते. टेपचं एक टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बातम्या संपल्या तेव्हा ते म्हणाले, "इतकी वर्षं."

खरखर काहीतरी बोलायला गेला. आईनं त्याच्या हातात कप दिला. चहा गार झाला होता, तरी तो प्याला.

३१.२५, तिथेच

लांबच्या स्टेशनांना श्रोते कळवतात: तुम्ही ऐकू येता, अमुक इतके. त्याची एक ठरलेली पद्धत असते. बाबांनी चार कागद फाडले. पाचवा टपालात पडला. मी तो पेटीपर्यंत नेला, म्हणून वाचला.

*श्रोता विभाग यांस.*

*प्रसारणाची जागा: ९६०० किलोहर्ट्झ.*

*आवाजाची ताकद: मध्यम. अडथळा: शेजारी पियानो. चढ-उतार: आहे, पण सवयीचा.*

*कार्यक्रमाचा तपशील: हवामान, पुलाची बातमी, निवेदिकेला सर्दी.*

*यंत्र: जुनेच. मात्र आतला दोरा तुटल्यामुळे नवी दोरी घातली असून सुई आता बरोबर आहे. तरी यापुढे गणिताप्रमाणे मीटर सांगितले तरी चालतील.*

*कधीपासून ऐकता: पहिल्या दिवसापासून.*

सही केली नव्हती. शिक्का मारला होता, दुकानाचा.

उत्तरादाखल एक छापील कार्ड आलं. त्यावर मनोऱ्याचं चित्र. आपण आमचं प्रसारण ऐकल्याची आम्ही पुष्टी करतो, असं छापलेलं, आणि खाली पेनानं लिहिलेला फोन नंबर. बाकी अक्षर नाही. बाबांनी ते रेडिओवर उभं करून ठेवलं. फोन केला नाही.

"ती करेल," ते म्हणाले.

"तुम्ही तिला सांगितलंत कळवू नकोस," आई म्हणाली. "ती तुमचं ऐकते. घोळ सगळा तिथेच आहे."

हिवाळाभर कार्ड तिथे उभं होतं. बाबा रोज ऐकायचे. मध्ये एकदा त्यांनी मला विचारलं, "पत्र दुसऱ्याच कुणी उघडलं असेल का? तिथे बायका खूप असतील कामाला."

२५.५३

उन्हाळ्याचं अस्तर लागलं. आत्यानं वाचलं, सावकाश, दोनदा:

"अकरा हजार सातशे पन्नास किलोहर्ट्झ, म्हणजेच पंचवीस पूर्णांक त्रेपन्न मीटर."

टेबलावर खडूनं तेच लिहिलेलं होतं. मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं ते टाळी वाजवतील, निदान टेबलावर थाप मारतील. त्यांनी हातानं आकडा पुसला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "आता कुणाच्याही रेडिओवर लागेल."

इतकी वर्षं जगातल्या एकाच काचेसाठी एक बाई दर ऋतूला चुकीचा आकडा वाचत होती. तिथल्या इंजिनियरना आपली भाषा येत नव्हती, म्हणून कुणी पकडलं नाही. बाकीच्या श्रोत्यांनी काय केलं असेल? डोकं खाजवलं असेल आणि किलोहर्ट्झवरून शोधलं असेल. तो आकडा आमचा होता आणि आम्ही त्याला हसत होतो, आणि आता तो दुरुस्त झाला होता. आमच्याच विनंतीवरून.

आई दारात उभी होती. "तिनं तुमचं पत्र वाचलं, हे कळलं ना? मग आता करा फोन. त्याला भागाकार लागत नाही."

"आत्ता?"

"आत्ता. मी नंबर फिरवते. तुम्ही फक्त धरा."

काच नाही, आकडे नाहीत

फोन दुकानातच होता, गिऱ्हाइकांसाठी. बाबांनी आधी चष्मा लावला. फोनला चष्मा कशाला, ते विचारायची ती वेळ नव्हती.

"हॅलो. ...मी. ...मी, दुकानातून. ...हो, हो, दादाच."

त्यांनी आमच्याकडे पाठ केली होती. पाठीवरून काही कळायला वाव नव्हता. मी तरी जवळ गेले, आईनं मला हातानं मागे ओढलं आणि स्वतः पुढे गेली.

"ऐकतोय. ...नाही, तसं नाही. ...नाही गं, ठेवू नकोस." बाबांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा कानाला लावला. "आवाज फार स्वच्छ येतोय. तू वाटतच नाहीस."

मग रिसीव्हरमधून, आम्हा दोघींनाही ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, शूऽऽऽ असा आवाज आला. दातांतून, लांबलचक, चढत उतरत, मध्येच शिट्टी सोडत. माझी आत्या, जिच्या तोंडून मी आयुष्यभर फक्त बातम्या ऐकल्या होत्या, ती फोनवर खरखर करत होती.

बाबांनी डोळे मिटले. स्टूल पायानं ओढून घेतलं आणि त्यावर बसले.

"हां," ते म्हणाले. "आता बोल."